खालच्या सुरातला आवाज

आखातात, फरीज बिन ओमरानच्या नर्सेस क्वार्टरमध्ये मिळालेली रूममेट मला पहिल्या आठवड्यापासूनच आवडली नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ती फिलिपिनो, मी वसईची. दोघी कॅथलिक, म्हणून आमचं जमेल असं मेट्रनला वाटलेलं.

तिच्या देशातल्या एका जुन्या गटाच्या कॅसेट तिच्याकडे होत्या. चौघं चार वेगळ्या सुरांत एकदम गायचे. तिकडे म्हणे घरोघरी लोक आवाज वाटून घेऊन त्यांची गाणी म्हणत. ही रोज सकाळी युनिफॉर्मला इस्त्री करताना त्यातला फक्त खालचा आवाज गायची, मूळ चाल कधीच नाही. माझं डोकं उठायचं. मी मेट्रनकडे दोनदा तक्रार केली. ती आवाज कमी करायची, बंद नाही.

शुक्रवारच्या मिस्साला, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशीच्या प्रार्थनेला, क्वायर तीच बसवायची. एकदा सरावात तिने सगळ्यांसमोर मला थांबवलं. "तू मोठ्याने गातेस, पण दुसऱ्याचं ऐकत नाहीस. आज गाऊ नकोस."

वसईत मी सात वर्षांची असल्यापासून चर्चमध्ये गात आले होते.

दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी होती, माझी सुट्टी. तिची सगळ्यात झिजलेली कॅसेट मी काढली आणि तिच्यावर आमच्याकडची लग्नाची गाणी भरली. दोन्ही बाजूंना.

संध्याकाळी तिने ती लावली. उलटी करून पुन्हा लावली. मग कॉटवर बसली. तिने सांगितलं ते असं, की ती कॅसेट दुकानातली नव्हती. तिच्या तीन बहिणींनी त्या गटाची गाणी घरी गाऊन भरून पाठवली होती, आणि हिच्या खालच्या आवाजाची जागा तेवढी रिकामी ठेवली होती.

मी म्हटलं, "परत भरून मागव."

"तिघी आता तीन देशांत आहेत," ती म्हणाली.

महिनाअखेरीस ती क्वार्टर सोडून अल वक्राला राहायला गेली. वॉर्डात आम्ही पेशंटपुरतं बोलायचो.

काही वर्षांनी वॉर्डात नव्या फिलिपिनो मुली आल्या. तो गट त्यांच्या जन्माआधीचा, तरी त्यांना सगळी गाणी पाठ. जेवणाच्या सुट्टीत त्या पँट्रीत गायच्या आणि खालचा आवाज तिचा असायचा. ते गाणं चांगलं होतं हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचाही राग आला.

एकदा ती एकटी दिसली तेव्हा मी सॉरी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"खलास," ती म्हणाली. "ट्रॉली लाव."

मी ट्रॉली लावली. ती मला अजूनही आवडत नाही.