पक्का रंग

यल्लप्पातात्या गिऱ्हाइकासमोर लाल घोंगडीचा कोपरा तोंडात घालून चघळायचे. पानासारखा चांगला चघळायचे, मग खांद्यावरच्या पांढऱ्या उपरण्यावर थुंकायचे आणि ते उपरणं समोरच्याच्या नाकाशी नेऊन विचारायचे, “दावा बरं, कुठं हाय लाल?” गिऱ्हाईक घाईघाईनं मागं सरकायचं. लाल खरंच कुठं नसायचा. “पक्का म्हंजे पक्का,” असं म्हणून तात्या उपरणं पुन्हा खांद्यावर टाकत. त्या उपरण्याशेजारी बसून मी कितीतरी दिवस दुपारची भाकरी खाल्ली आहे, आणि तरीही मला तो माणूस आवडायचा.

आमचं गाव अणदूरच्या पुढं, आडबाजूला. बहात्तरच्या दुष्काळात धनगरांच्या मेंढ्या मेल्या, उरल्या त्या विकल्या गेल्या. मागाहून गावात घोंगडी विणणाऱ्यांची सोसायटी निघाली. मी तिथं कारकून झालो. आमच्या बौद्ध वस्तीतला मी पहिला पगारदार, त्यामुळं आई मला शर्टाची वरची गुंडीसुद्धा उघडी ठेवू देत नसे. तात्या सोसायटीचे रंगारी होते.

पूर्वी घोंगडीला रंगाऱ्याची गरजच नव्हती. काळी मेंढी काळी लोकर द्यायची, पांढरी पांढरी. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ दिली की काम संपलं. खळीचं उरलेलं पाणी शेळ्या पीत. पण काळ्या मेंढ्या गेल्या, बाहेरून पांढरी लोकर यायला लागली, आणि शहरातल्या दुकानाला घोंगडी पांघरायला नव्हे तर भिंतीवर टांगायला हवी होती, तीही लाल. म्हणून सोसायटीनं तात्यांना रंगकाम शिकायला सोलापूरला पाठवलं. येताना त्यांनी लाल पुडीचे डबे आणले आणि रंग पक्का करायचे नारिंगी खडे. खडे ते ट्रंकेत कुलूप लावून ठेवत. “सायबानं बजावून सांगितलंय, जपून वापरा. लई किमती माल,” असं म्हणत आणि खडा असा टाकत, जणू घरच्या लग्नाच्या शिऱ्यात केशर घालताहेत.

तो लाल मात्र देखणा होता, हे मला आजही कबूल करावं लागतं. तात्या वाफेत वाकून कढईतून लोकरीची लडी वर काढू लागले की विणणारे हातातला धोटा खाली ठेवून बघायला येत. तात्यांना तेवढंच हवं असे. “देवानं मेंढीला दोनच रंग दिले,” ते म्हणत, “तिसरा म्या दिला.” पुढं मग अर्धा तास कुणाला बोलू देत नसत.

कढईतलं पाणी शेडमागच्या नालीतून उताराला जाई. उताराला आमची वस्ती होती आणि वस्तीची विहीर. बहात्तरला दुष्काळी कामावर आमच्याच लोकांनी ती खोदली होती. आईनं तिच्यातला मुरूम पाट्या भरभरून डोक्यावरून वाहिला होता. त्याआधी आमच्या बाया वरच्या विहिरीवर घागरी घेऊन उभ्या राहत, आणि वरच्या आळीतल्या कुणाच्या मनात आलं तर ते वरून घागरीत पाणी ओतत. आमच्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवसापासून आई त्या वाटेला गेली नव्हती.

नाली खोदताना मी तात्यांना विचारलं होतं, हे पाणी विहिरीत तर मुरणार नाही ना. ते हसले. “अरं कारकुना, पक्का रंग लोकरीत बसतो. पाण्यात ऱ्हातंय ते निस्तं पाणी.” सगळ्या सोसायटीची तीच समजूत होती. जो रंग सुटतच नाही, तो पाण्यात जाईलच कसा? ऐकायला इतकं बरोबर वाटायचं की पुढं विचारायला कुणाला काही सुचत नसे.

मग एका कोरड्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि पाणी पिवळं दिसू लागलं. पोरांच्या अंगावर चट्टे उठले. आईला पाणी जिभेवर तुरट लागायचं. मी कमिटीपुढं बोललो, तर चेअरमन म्हणाले, “वस्तीवर सोच्छता ठिवत नसतेल.” ते तसं बोलणार हे मला माहीत होतं. पण शेजारी बसलेले तात्याही म्हणाले, “हिरीत कायतरी पडलं असंल रं तुमच्या. ते माझ्या रंगाचं न्हाय.” दुसऱ्या दिवसापासून मी माझा डबा घेऊन दूर बसायला लागलो. त्या वाक्याचा राग आजही पुरता गेलेला नाही.

एका सकाळी आई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. हातात माझा पांढरा शर्ट होता, आमच्या विहिरीच्या पाण्यात धुतलेला, आणि तो पांढरा राहिला नव्हता.

“तात्या,” ती म्हणाली, “तुमचा रंग लई पक्का हाय. किती धुतला तरी निघंना.”

तात्यांनी शर्ट हातात घेतला, दारातल्या उन्हात धरला. मग ते आईच्या मागोमाग उतारानं निघाले. शेडातले माग थांबले. विहिरीवर येऊन, आईला एरवी नुसतं ‘शेवंते’ म्हणणारा तो माणूस म्हणाला, “शेवंताबाई, पाणी द्या जरा प्यायला.” बाया एकमेकींकडं बघू लागल्या. वरच्या आळीतल्या माणसानं आमच्या हातचं पाणी मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आईनं घागरीच्या तोंडावर हात ठेवला.

“न्हाय द्यायची तात्या. पिऊ नका हे.”

तात्या ओंजळ धरून तसेच उभे राहिले. ती मोडायचं त्यांना सुचेचना.

त्याच दिवशी ते एसटीनं सोलापूरला गेले. परतल्यावर माझ्या टेबलाशी येऊन खालीच बसले. “सायेब म्हणला, तुला सांगितलं हुतं की, जपून वापर म्हून. जपून म्हंजे इखार हाय, असं व्हय रं कारकुना? म्या समजलो, महाग हाय.” मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांचे कोपरापर्यंत लाल झालेले हात बघितले आणि मी खुर्ची सोडून त्यांच्याशेजारी खाली बसलो.

तात्यांनी कढई विझवली. कमिटीला म्हणाले, मेंढी देईल त्याच रंगाच्या घोंगड्या विका. पण दुकानाला लालच हवा होता. विणणारे तात्यांच्या ओट्यावर येऊन बसले. “तात्या, मग आमी काय खावं?” त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी तात्यांनीच शिकवलेल्या त्यांच्या पुतण्यानं कढई पेटवली. नालीच्या वाटेवर पाणी जिरवायला एक खड्डा काढला आणि सगळ्यांचं समाधान झालं. तात्या पुन्हा शेडात आले नाहीत. रस्त्यात भेटेल त्याला विचारायचे, “खालच्या हिरीचं पाणी कसं हाय?” लोक सांगायचे, सुधारलंय की. म्हातारं माणूस, कशाला दुखवायचं.

ते अंथरुणाला खिळल्यावर मी आईला घेऊन भेटायला गेलो. त्यांनी तेच विचारलं. मी शब्द जुळवत होतो, तोवर आई म्हणाली, “तसंच हाय तात्या. आमी पीत न्हाय.”

तात्यांनी डोळे मिटले. “खरं बोलला शेवंताबाई. बाकी समदे पोरावानी समजूत काढतेत माझी.” डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, “मग पाणी कुठनं आणता तुमी?”

त्यांच्या पायावरची घोंगडी आईनं नीट केली.

त्याच आठवड्यात तात्या गेले. आम्ही मातीला जाऊन आलो. अंगावर घ्यायला घरात थेंब नव्हता, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यानं चट्टे उठत. आईनं घागर उचलली. मी म्हटलं, थांब, मीही येतो.

“तू नगं,” ती म्हणाली. “तुला तिथं घागर घिऊन उभा ऱ्हायलेलं मला बघवायचं न्हाय.” आणि ती एकटीच वरच्या विहिरीच्या वाटेनं चालू लागली.