हळद, पण गालाला नाही

"स्कार्फ काढ," मी पुन्हा म्हटलं. पल्लवी काढेना. शेवटी तिच्या आईनंच ओढून काढला. दोन्ही गाल लालभडक, ओठांच्या कडेला कातडीचे पापुद्रे सुटलेले.

"चार दिसांवर हळद हाय, मॅडम," आई म्हणाली. "एक इंजेक्शन द्या आन् मोकळं करा."

मी कोल्हापुरात त्वचारोगतज्ज्ञ आहे. लग्नसराईत ओपीडीत नवऱ्या येतातच आणि त्यांच्या आयांना इंजेक्शनच हवं असतं. आता मला त्याचा राग येत नाही, असं म्हणायला आवडेल. पण येतो.

हे कुटुंब हुपरीचं. घरातच चांदीचे पैंजण करतात, पल्लवीही वडिलांच्या हाताखाली काम करते. तिनं पर्समधून सीरमची बाटली काढली. ऑनलाइन मागवलेलं रेटिनॉल.

रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. त्यानं त्वचेचा जुना थर लवकर निघतो, खालची नवी त्वचा वर येते. वस्तू चांगली आहे, पण तिची सवय हळूहळू करावी लागते. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, रात्री, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. वर मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन.

"तू कसं लावलंस?"

"सकाळ-संध्याकाळ. चोळून."

"आग नाही झाली?"

"झाली की. सालं निघाय लागली. म्हटलं, काळपट थर निघतोय, पैंजणागत खालनं उजळ येणार. म्हणून आनी वाढवलं."

वर दिवसभर पैंजणाचे सांधे जोडायला गॅसच्या ज्योतीसमोर बसायची. मी कपाळाला हात लावला.

"बाटली बंद. ज्योतीसमोर बसणं बंद. साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस्स. इंजेक्शन नाही. दुकानातून कुठलं गोरं करायचं क्रीमही आणू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली दबते आणि मग दुप्पट उसळते. आणि हळद चेहऱ्याला लावायची नाही."

आईचा आवाज बाहेर वेटिंगपर्यंत गेला. "नवरीच्या तोंडाला हळद न्हाय? पावणं काय म्हणतील? पोरीत खोट हाय म्हणतील की!" आणि ती रडायलाच लागली. तेव्हा मात्र मला तिचं वाईट वाटलं. इंजेक्शन तिला गालासाठी नाही, पावण्यांच्या बोलण्यासाठी हवं होतं.

सोबत आलेले पल्लवीचे वडील खुर्ची पुढे ओढून तिच्याकडे वळले. "अगं, पैंजण उजळंना म्हणून लई घासलं तर काय हुतं?"

"नक्षी जाती," आई नाक पुसत म्हणाली.

"मग? आनी किती घासायची पोरीला?" ते माझ्याकडे वळले. "हातापायाला हळद चालंल न्हवं, मॅडम?"

"चालेल."

लग्नानंतर पल्लवी आली. लाली उतरली होती. मोबाइलवर तिनं हळदीचा फोटो दाखवला. हातपाय पिवळेधमक, चेहरा कोरा आणि जरासा लाल.

"कुणी काही म्हणालं?"

"सासूबाईंनी इचारलं की. मी लपवलं न्हाय. जादा शाणपणा केलता, म्हटलं. रेटिनॉल आता परत लावू का?"

"लगेच नाही. आणि मूल होऊ द्यायचं मनात असेल तर अजिबात नाही. गरोदरपणात ते चालत नाही."

ती लाजली, पण उठेना.

"आणखी काय?"

"सासूबाईंनी बाटलीचं नाव इचारलंय."

सांगू नकोस, म्हटलं. आधी त्यांना घेऊन ये. येताना त्यांनी तोंडाला काही चोळून येऊ नये, एवढंच.