कंट्रोलच्या जागी माझं रक्त

आमच्या चंदीगडच्या लॅबमध्ये पद्धत अशी, की जो टेस्ट लावेल त्यानेच नॉर्मल कंट्रोल म्हणून स्वतःचं रक्त द्यायचं. पेशंटच्या शेजारी, तुलनेला. म्हणजे नॉर्मल कोण, तर मी! सांगलीहून पीएचडीला आलेली, एका जागी दोन मिनिटं न बसणारी.

पेशंट कॉलेजातला मुलगा, वडील एअरफोर्समध्ये. एक डोळा अचानक गेलेला. आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत बिघाड निघाला, तर बहुतेक दुसराही जाणार. त्याची आई मराठी, म्हणून लॅबबाहेरच्या बाकावरून हाक मलाच.

"अगं बाळा, कधी कळेल?"

"आज संध्याकाळी, काकू. पक्का!"

टेस्ट तशी सोपी. एन्झाइम म्हणजे कात्री. नॉर्मल डीएनए कापला जातो, जेलवर दोन पट्ट्या दिसतात. बिघाड असेल तर कात्री चालत नाही, एकच पट्टी.

यूव्हीचा दिवा लावला. मुलाची एक पट्टी. आणि माझीही एकच!

मी एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले, मग दुसरा झाकून. मागे आमचा सीनियर खो खो हसतोय. "ओये, तू भी गई! अंधोंवाली छड़ी दिलवा दें?"

"सर, मजाक मत करो यार!"

"पागल, सुबह से बिजली कितनी बार गई? एन्झाइम मर गया तेरा."

फ्रीजरमधला बर्फ वितळला होता. कात्रीच मेलेली, मग कुणाचंच कापलं नव्हतं. म्हणजे मी वाचले. कदाचित तो मुलगाही!

दिल्लीहून बर्फात नवं एन्झाइम यायचं होतं. काकू रोज बाकावर. मला मेसचा राजमा गिळवेना. एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. "आई, मामाचे डोळे कसे आहेत गं?"

"चष्मा आहे की. का?"

एन्झाइमचा डबा आला तशी टेस्ट पुन्हा लावली. दिवा लावला, आणि माझ्या दोन पट्ट्या! स्वच्छ, झगझगीत. चालली टेस्ट! फोटो काढला, तो घेऊन डॉक्टरांच्या खोलीकडे पळत सुटले.

माझा चेहरा बघूनच काकू बाकावरून उठल्या. "चांगलं आलं ना? मला वाटलंच होतं गं."

फोटोत त्यांच्या मुलाची एकच पट्टी होती.

"डॉक्टर सांगतील, काकू," मी म्हणाले. चेहऱ्यावरचं हसू कुठे लपवू, कळेना.