मी ठेका सोडला नाही

डॉक्टर म्हणाले, "स्किझोफ्रेनिया." मग माझा चेहरा बघून सोपं करून सांगितलं, "तुमच्या भावाला नसलेले आवाज ऐकू येतात आणि ते त्याला खरे वाटतात. मेंदूचा आजार आहे. कधीपासून चाललंय?"

"दोन महिने," मी म्हणालो. साफ खोटं. दीड वर्ष झालं होतं, आणि लपवणारा मीच होतो.

यूसुफभाई माझा थोरला भाऊ. तो सॅक्सोफोन वाजवायचा, मी ड्रम. आधी लग्नाच्या बँडमध्ये होतो, नंतर वेरूळ बघून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी एका हॉटेलात जॅझ वाजवू लागलो. वरातीतला एक रिवाज आम्ही तिथंही पाळला. पुढचा वाजवणारा भरकटला तर थांबायचं नाही, ठेका त्याच्या मागं न्यायचा. लोकांना वाटलं पाहिजे, मुद्दामच वाजवलं.

भाई भरकटू लागला तेव्हा मी तेच केलं. तो चाल अर्ध्यात सोडायचा, एकच सूर कितीतरी वेळ धरून बसायचा. मी मागंमागं. वर टाळ्या. जॅझमध्ये असल्या भटकण्याला लोक कमाल म्हणतात. आग लागो त्या कमालीला.

भाभी सांगायची, "सलीम, हे भिंतीशी बोलतात रे." मी म्हणायचो, "कलाकार माणूस आहे, चालायचंच." किती शहाणा होतो मी.

मग एका संध्याकाळी भर कार्यक्रमात त्यानं सॅक्सोफोन खाली ठेवला आणि समोर जेवत बसलेल्या पाहुण्याची गचांडी धरली. "मेरे सुरां चुराने कू आया ये!" तेव्हा कुठं माझे हात थांबले.

भाईनं इस्पितळाच्या वॉर्डात तीन आठवडे काढले. रक्ताच्या तपासण्या झाल्या. ईईजी झाला, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या लहरींची नोंद घेतात. बाहेरच्या बाकावर मामू येऊन बसायचे आणि नजर लागली म्हणायचे. हॉटेलवाल्यानं आठवड्यात दुसरा वादक आणला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बघायला कुणी आलं नाही.

गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण बोटं थरथरू लागली. भाभीनं डॉक्टरांना दीड वर्षाचं खरं सांगून टाकलं. ते माझ्याकडं बघत म्हणाले, "गोळ्या बदलून बघू. लवकर आणलं असतं तर सोपं गेलं असतं."

घरी आल्यावर भाईनं एकच विचारलं, "मैं गलत बजा रा था, तू कायकू नै रुका?" आवाजात राग नव्हता. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्या घरात कुणी असं भरकटत असेल तर त्याला झाकून घेऊ नका. मी मायेनंच झाकलं, खोटं कशाला बोलू. पण हॉटेलचं काम जाईल ही भीतीही होती. भाभीचे उपकार, तिनं तोंड उघडलं.

आता जुम्म्याची नमाज झाली की भाई थोडा वेळ वाजवतो. पूर्वीची बोटं नाहीत, येणारही नाहीत. सूर सुटला की मी ठेका थांबवतो, ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवतो. तो डोळे वटारतो, शिवी घालतो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो. लई राग येतो त्याला. येऊ दे.