पोटाचा सिग्नलवाला

साइटवर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. टॉवर क्रेनच्या टोकाशी काचेची केबिन, मांडीवर डबा ठेवला तर लिव्हर दिसू नये इतकी अरुंद, आणि तिथं हा दिवसभर बसलेला. सिमेंट कधी चढणार असं खाली कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘वरच्याची मर्जी.’ माणूस कामाला सोन्यासारखा. काचेचं तावदान अशा हलक्या हातानं टेकवील, की झोपलेलं मूल आईनं पाळण्यात ठेवावं. फक्त स्वतःचं पोट तेवढं त्याच्या ताब्यात नव्हतं.

शिडी चढेपर्यंत पोट गुणी बाळ. केबिनचं दार लागलं की आत सभा भरायची. आधी गुडगुड, मग कळ, मग अशी घाई की डोळ्यांपुढं काजवे. खाली यायचं तर शिडीमागून शिडी, आणि खाली पोचलं की पत्र्याच्या संडासापुढं रांग. त्या रांगेत लोकांच्या पाया पडायचं तेवढं त्यानं बाकी ठेवलं होतं. पुढं त्यानं न्याहारी सोडली, चहा सोडला, पाणीसुद्धा घोटभरच. पोट काही त्याला सोडेना.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, नळी घातली, फोटो काढले. सगळं स्वच्छ. म्हणाले, आयबीएस आहे. आतड्याला जखम नाही की गाठ नाही, पण ते चिडकं झालंय. हा चिडकेपणा सासूबाईंकडून आला का, असं बायकोनं घरी विचारलं. एरवी तो हसला असता.

पण त्याच आठवड्यात सळ्यांचा भारा हवेत लोंबकळत ठेवून तो खाली धावला होता. खालची माणसं पांगवावी लागली. इंजिनिअर ओरडला नाही, तेच वाईट. आणखी एकदा असं झालं तर तू गोदामात बसून हेल्मेटं वाटायची, एवढंच तो बोलला. ज्यानं सगळं आयुष्य लोकांची टाळकी बघत काढलं, त्यानं आता त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवायच्या. वरच्याची झोप उडाली.

डॉक्टरांनी मग फिजिओथेरपीला धाडलं. त्याला वाटलं, चिठ्ठी चुकली. दुखतंय पोट, गुडघा नव्हे. फिजिओबाईंनी त्याला टेबलावर आडवा केला, एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवायला लावला आणि श्वास घ्यायला सांगितलं. छाती कोंबड्यासारखी वर आली, पोट फळीसारखं जागच्या जागी. बाई म्हणाल्या, भीतीपोटी तुम्ही खालचं सगळं दिवसभर आवळून धरता. ते स्नायू आता सैल पडायचंच विसरलेत, म्हणून आतडं जास्तच बिथरतं. तेव्हा सोडा.

‘काय सोडू?’

‘आवळलंय ते.’

त्यानं जबडा आवळला. बाईंनी परोपरीनं समजावलं. फूल उमलतंय असं समजा, मेण वितळतंय असं समजा. तो घामानं भिजला. ना फूल, ना मेण.

सोबत मेव्हणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, आणि साइटवर याचाच सिग्नलवाला. क्रेनवाल्याला वरून खालचं धड दिसत नाही, आणि क्रेनच्या घरघरीत वॉकीटॉकीवरचंसुद्धा ऐकू येत नाही. तो सिग्नलवाल्याच्या हाताकडे बघतो आणि हात सांगेल तेच करतो. बोट वर रोखून फिरवलं की माल उचलायचा, खाली रोखून फिरवलं की सोडायचा, मूठ दिसली की जागच्या जागी धरायचा. या दोघांचं वर्षानुवर्षं असं चाललेलं. बसून बसून कंटाळलेला मेव्हणा उठला, टेबलाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि सवयीनं बोट खाली रोखून संथ फिरवू लागला.

वरच्याचं पोट फुग्यासारखं वर आलं, कंबर टेबलाला टेकली, जबडासुद्धा सुटला. बाईंनी हात लावून खात्री केली.

‘यांना रोज आणा,’ त्या वरच्याला म्हणाल्या. ‘आणि तुम्ही, चुकूनही मूठ दाखवू नका.’

मेव्हणा मग पहाटेच घरी यायला लागला. बाईंनी सांगितल्याप्रमाणे वरचा आधी पोटावरून हात फिरवायचा, उजवीकडून वर, मग आडवा, मग डावीकडून खाली. नंतर संडासात पायांखाली ठोकळा घेऊन, गुडघे उंच करून, जोर न लावता बसायचा. दाराच्या फटीतून मेव्हण्याचा हात आत. बहिणीनं विचारलं, सकाळी सकाळी तिथं कशाला रे उभा राहतोस?

‘भावजींना उतरवतोय,’ तो म्हणाला.

न्याहारी परत सुरू झाली. साइटवर पहिला माल उचलण्याआधी मेव्हणा मैदानात उभा राहून रोज थोडा वेळ बोट फिरवायचा, वर केबिनमध्ये श्वास चालायचा. दोघांनी ठरवून घेतलं, डावा हात मालाचा, उजवा पोटाचा.

मग पाण्याची टाकी गच्चीवर चढवायचा दिवस आला. टाकी अर्ध्यात, वारा सुटलेला, खाली इंजिनिअर कमरेवर हात ठेवून उभा. आणि मेव्हण्याच्या कमरेचा वॉकीटॉकी वरच्याच्या आवाजात एकदाच खरखरला, ‘आलं.’

मेव्हण्यानं डावी मूठ वर केली. टाकी थांबली. उजवं बोट खाली रोखून तो संथ फिरवू लागला. इंजिनिअरनं विचारलं, काय चाललंय.

‘पोट उतरवतोय साहेब. टाकी धरलीय.’

गवंडी थापी हातात धरून थांबले, सुतारांनी करवती थांबवल्या. सगळी साइट त्या बोटाकडे बघत नकळत खोल श्वास घेत होती. टाकी तसूभर हलली नाही. मग वॉकीटॉकीतून लांब सुस्कारा आला, डावं बोट वर फिरलं, आणि टाकी गच्चीवर आवाज न करता टेकली. गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण त्या बोटाचा गुण सगळ्यांनाच लागला होता. त्या दुपारी वरचा शिडीवरून सावकाश, मध्ये टेकत, खाली आला, तर संडासाची रांग कधी नव्हे एवढी लांब. गवंडी, सुतार, विजेवाला, आणि पोटावर फाइल दाबून धरलेला इंजिनिअर.

पुढच्या गवंड्यानं त्याला बघितलं आणि जुन्या सवयीनं वाट दिली. ‘या वरचे, आधी तुम्ही जा.’

‘असू दे,’ वरचा म्हणाला. ‘होऊ द्या तुमचं निवांत. मला घाई नाही.’

आणि तो इंजिनिअरच्या मागं जाऊन उभा राहिला.