काकांनी उघडलेले नळ

आमच्या समोरचे भालचंद्रकाका सरकारी वसाहतींच्या देखभालीवर होते. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरांचे नळ तीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेले. आता इथे दिल्लीतल्याच द्वारकेत, चौथ्या मजल्यावर, आपण चहा घेतला की नाही हेही त्यांना आठवत नाही. मागच्या महिन्यात नळ उघडा टाकून ते फिरायला गेले आणि खालच्यांचं छत गळलं. मुलगा श्रीरंग चिडला. "आई, परत असं झालं तर या घराला कुलूप. तुम्ही दोघं गुडगावला चला," म्हणाला. तेव्हापासून गिरिजाकाकू नवऱ्याच्या मागे मागे फिरून नळ बंद करतात. त्यात माहेर दुष्काळी. थेंब वाया गेला तरी त्यांच्या जिवाला लागतं.

परवा सकाळी सोसायटीने टाकी धुतली. टाकी पुन्हा भरली, खाली सगळीकडे पाणी आलं, पण काकूंचे नळ नुसते फुसफुसत होते. काका उठले. त्यांनी बेसिनचा नळ उघडला, मग बाथरूमचा, मग स्वयंपाकघरातला. काकूंनी मागोमाग तिन्ही बंद केले. काकांनी परत उघडले. तासभर हा पाठशिवणीचा खेळ चालला होता. मी बादलीभर पाणी घेऊन गेले, तेव्हा काकूंचा तोल सुटला होता.

"अहो, बस करा ना! पाणीच नाही तर नळ कशाला उघडताय? बिल्कुल लक्षात राहत नाही तुमच्या!"

काका खुर्चीत बसले. "हो का? चुकलं माझं," म्हणाले. मला काकूंचा संताप आला, आणि दयाही आली.

शेवटी दुपारी मी श्याम प्लंबरला बोलावलं. त्याने नळाला कान लावला. "आंटी, लाइन में हवा भर गई है. सारे नल खुले छोड़ दो, हवा निकल जाएगी."

त्याने सगळे नळ उघडून ठेवले. ते खोकले, गढूळ पाणी थुंकले आणि दहा मिनिटांत धार लागली. मग त्याने ते बंद केले.

काकू धावतच काकांपाशी गेल्या. "अहो, तुमचंच बरोबर होतं! सकाळी तुम्ही हेच करत होतात. मीच वेडी, बंद करत बसले. आत्ता श्रीरंगला फोन करते, सांगते, बाबांचं डोकं शाबूत आहे म्हणून."

काकांनी हसून त्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळी? मी काय करत होतो सकाळी?"

काकूंनी हातातला फोन टेबलावर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. आत त्यांनी उघडलेला नळ बराच वेळ वाहत होता.