नोटीस घेण्यास नकार

जुई, अन्वय, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. आता सांगते, कारण जुई, तुला कॉलेजच्या शिस्त समितीवर घेतलंय, आणि परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, सगळं उघडच आहे गं, त्या मुलीला बोलावणं म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी." मी विषय बदलला. का बदलला?

वसईच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हा जवळच्या गास गावची सेलिना माझी सहशिक्षिका होती. मैत्रीणच. परीक्षेआधी प्रश्नपत्रिकांचं एक पाकीट फोडलेलं सापडलं आणि संशय तिच्यावर आला. चौकशी समिती बसली. माझं अक्षर चांगलं, कागद नीट, म्हणून मी समितीची सचिव. सुनावणीची नोटीस सेलिनाच्या घरी नेऊन देणं माझ्याकडे आलं.

मी गेले. हे खरं आहे — मी गेले होते. शाळेत शुद्ध बोलणारी सेलिना घरी घरचंच बोलायची. "ये गो बाय, बस, पानी आनते." मी मांडीवरची पर्स खाली ठेवेना, तशी हसली — "काय गो, सोना आनलंस काय त्यात?" काय सांगणार होते मी? तिने वाडीतल्या केळ्यांची फणी हातात दिली. मी निघाले — नोटीस न देताच.

दुसऱ्या दिवशी म्हणता आलं असतं, मला जमलं नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्याऐवजी मी कागदावर लिहिलं — 'नोटीस घेण्यास नकार.' सुनावणीला सेलिना आली नाही. कशी येणार? निर्णय एकतर्फी झाला आणि तिची नोकरी गेली.

तिने शाळा न्यायाधिकरणात अपील केलं. खासगी शाळेतून काढलेल्या शिक्षकाने दाद मागायची ही जागा. तिथे मी — शपथेवर — तेच खोटं पुन्हा सांगितलं. सेलिना समोर बसली होती. पीठासीन अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "नकार दिला तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं?" कुणी नव्हतं. "मग पोस्टाने का पाठवली नाही?" ते म्हणाले, पाकीट कुणी फोडलं हे आम्ही आज ठरवत नाही. हिला आरोप कळवला का, हिचं ऐकलं का, एवढंच पाहतो — आणि त्याचा पुरावा नाही. बडतर्फी रद्द. चौकशी नव्याने, तिचं म्हणणं ऐकून.

नव्या चौकशीत ती बोलली. दहा मिनिटं. पाकीट फुटलं त्या दिवशी तिला दुसऱ्या परीक्षा केंद्रावर पाठवलं होतं, तिथल्या हजेरीपटावर तिची सही होती. दहाच मिनिटं, जुई — आणि त्यासाठी तिची दोन वर्षं गेली होती.

मी खरं बोलले नाही, तरी तिला न्याय मिळाला. माणसं चांगलीच वागतील असं ती पद्धत धरून चालली नाही, म्हणून. त्या दोन साध्या प्रश्नांचे माझ्यावर केवढे उपकार आहेत! आणि सेलिनाचे? कामावर परतली त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याच शेजारी खुर्ची ओढून म्हणाली, "सरक जरा, की त्याचीही नोटीस देऊ?" सगळे हसले. मीही हसले. खरं फक्त तिला ठाऊक होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. माझ्या तोंडून ऐकायला तिने मला किती वर्षं दिली! मी एकदाही बोलले नाही. मागच्या वर्षी ती गेली. चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीच्या मिस्साला मी पुढच्या बाकावर बसले होते.

शाळेत आजही चौकशीची नोटीस द्यायला दोघं जातात, आणि सही घेऊन येतात.